मेथीखालची शून्य बीअर

मी ते कॅन मेथीच्या जुडीखाली लपवले, तिथेच चुकलं. खरं तर लपवायची काही गरजच नव्हती. त्यात दारूचा थेंब नव्हता आणि कॅनवर तसं लिहिलेलंही होतं, रस्त्यापलीकडच्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात: शून्य पॉइंट शून्य. पण पन्नाशी ओलांडलेल्या नवऱ्याचा हात काही थंड करायला फ्रीजमध्ये गेला की आपोआप मागच्या बाजूला वळतो. त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

आधीची हकिगत सांगतो. उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून ‘साखर सीमेवर आहे’ असं सांगितलं. सीमेवर आहे म्हणजे अजून आत आलेली नाही, असा मी अर्थ काढला. बायकोने युद्ध जाहीर केलं. चहातली साखर गेली. भात गेला, वरणभातावर वाढलेल्या माणसाचा भात. राहता राहिली शनिवारी संध्याकाळची गच्चीवरची एक बीअर. आयुष्यात तेवढं एकच व्यसन उरलं होतं, बाकीची परवडेनाशी झाली होती. तिच्यावर बरीच चर्चा होऊन शेवटी तह झाला: श्रावणभर बीअर नाही. श्रावण संपला की रक्त तपासायचं. साखर उतरलेली असेल तर गणपतीनंतर शनिवार परत मिळणार, चढलेली असेल तर कायमचा बंद.

मी मान डोलावली. श्रावणात नाहीतरी आपण घेत नाहीच, असा चेहराही केला.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या वारज्याच्या एका सुपरमार्केटमध्ये, ताक आणि कोकम सरबताच्या शेजारी, हे कॅन अगदी सोज्वळपणे उभे असलेले दिसले. दारूच नाही तर ती बीअर कसली, आणि बीअरच नाही तर तह मोडला कसा? शिवाय जी गोष्ट निरुपद्रवी आहे तिला आठवड्याचं बंधन कशाला? पूर्वी शनिवारी एक घेणारा मी रोज एक घ्यायला लागलो. बायको फिरायला गेली की गॅलरीत बसायचं, स्टीलच्या पेल्यात ओतायचं आणि आपण तब्येतीसाठी किती करतो याचा विचार करायचा.

एवढ्यात सासूबाई आल्या. राहायला त्या पेठेत, पण दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चार दिवस लेकीकडे. ऑपरेशनपूर्वी मी त्यांना अंधुक दिसायचो आणि आमचे संबंध उत्तम होते. आता त्यांना आमच्या गॅलरीतून खालच्या बसचा नंबर दिसायला लागला होता. पोस्टात नोकरी केलेल्या बाई. कुणाचंही अक्षर लागायचं त्यांना, मध्ये काही वर्षं नुसते डोळेच नव्हते. ते मिळाल्यावर त्यांनी घरातलं जे जे छापलेलं आहे ते वाचायला काढलं. बिस्किटांचा पुडा वाचला. सॉसची बाटली वाचली आणि “टोमॅटोच्या पाठोपाठ साखरच उभी आहे की गं,” असं जाहीर केलं. टूथपेस्ट वाचून मला विचारलं, “हे गिळू नये असं लिहिलंय. तुम्ही गिळत नाही ना?”

त्या दिवशी त्या मेथी निवडायला बसणार होत्या.

“अगं, जरा इकडे ये,” फ्रीजपाशी वाकून त्या म्हणाल्या. “मेथीखाली जावईबापूंनी काहीतरी थंड करत ठेवलंय.”

बायको आली. तिने कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अहो.”

‘अहो’चे आमच्याकडे बरेच प्रकार आहेत. हा जप्तीला आलेल्या माणसाचा होता.

“शून्य आहे,” मी घाईघाईने म्हणालो. “दारू शून्य.”

“मग लपवलंत कशाला?”

“लपवलं नाही. वर मेथी ठेवली गेली.”

“मेथी कोणी आणली?”

“मीच.”

“थांब गं, त्यांना बोलू नकोस, मला आधी वाचू दे,” सासूबाई म्हणाल्या आणि कॅन उजेडाला धरून जेवणाच्या टेबलाशी बसल्या. “हिरवा ठिपका आहे. म्हणजे शाकाहारी.”

“बघ!” मी म्हणालो.

“पाणी. बार्ली. बार्ली म्हणजे आपला सातूच ना? मग चतुर्थीला नाही चालणार, धान्य आहे. एरवी हरकत नाही.” मला एकदम सासूबाईंबद्दल आदर वाटू लागला. “हॉप्स. हे काय असतं?”

“फुलं असतात एका वेलीची. त्यांनीच तर तो कडवटपणा येतो, आई. मुख्य गंमत तीच.”

“कडू आवडतं तुम्हाला?”

“फार.”

“मग परवा कारल्याच्या फोडी ताटाबाहेर काढून ठेवल्यात त्या?”

बायकोने तोंडाला पदर लावायला हवा होता, पण तिने पंजाबी ड्रेस घातला होता, म्हणून ती उघड हसली.

सासूबाईंनी कॅन आणखी थोडा फिरवला. तिथे एक इवलासा चौकोन होता. मी सुमारे दोन आठवडे ते कॅन हाताळत होतो, पण तो चौकोन मला नक्षीचा भाग वाटला होता. सासूबाई मनातल्या मनात हिशेब करत होत्या. ओठ हलत होते. मग उठल्या, साखरेचा डबा घेतला आणि एका वाटीत चहाच्या चमच्याने साखर घालू लागल्या. एक, दोन, तीन. मला वाटलं स्वतःसाठी सरबत करतायत. चार. पाचवा जरा कमी भरून घातला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली.

“ही एका कॅनमधली.”

वाटीत छोटी टेकडी झाली होती. मी गेले तीन महिने बिनसाखरेचा चहा हुतात्म्याच्या चेहऱ्याने पीत होतो.

“पण पुढे शून्य लिहिलंय,” मी म्हणालो.

“शून्य दारूचं. साखरेचा आकडा मागे आहे. स्थळाच्या पत्रात असतं तसं. पगार ठळक, बाकीचं खाली बारीक.” त्यांनी चमचा डब्यात परत ठेवला. “तुमचंही तसंच आलं होतं.”

“आणि हे किती प्यायलात?” बायकोने विचारलं.

“फार नाही. अधूनमधून.”

“म्हणजे रोज,” ती आईला म्हणाली.

आता मला राग आला. माणूस चांगलं वागायला जातो आणि वर त्यालाच साखर मोजून दाखवतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत शनिवारच्या जमान्यातली एक रिकामी बाटली आहे, तिच्यात बायकोने मनी प्लांट लावलाय. लेबल अजून शाबूत आहे. ती मी मुळांसकट उचलून टेबलावर आणून आदळली.

“हा कॅन निदान सांगतो तरी! ही खरी बीअर बघा. हिच्यावर साखरेचा चौकोन आहे का कुठे? मग प्रामाणिक कोण?”

मुद्दा बिनतोड होता. सासूबाईंनासुद्धा पटला. “खरंय, चौकोन नाही,” त्या म्हणाल्या. “आरोग्याला हानिकारक आहे एवढं मात्र मोकळ्या मनाने लिहिलंय.” मग मनी प्लांटचं पान बाजूला सारून त्यांनी खालची ओळ वाचली. “माल्ट. तांदूळ.”

“काय?” बायको म्हणाली.

“तांदूळ लिहिलाय. अगं, यांनी भात सोडलाय ना?”

“ताटातला सोडलाय,” बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी उरलेला एक कॅन फोडून सासूबाईंनी चमचाभर चव बघितली. काढा करणाऱ्याचा हात चुकून साखरेच्या डब्यात गेला असावा, असा अभिप्राय दिला. मला दिली नाही.

श्रावण संपल्यावर रक्त दिलं. मधल्या दिवसांत मी मेथी खाल्ली, कारली खाल्ली, वारज्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन आलो, पण रक्ताला हे सगळं उशिरा कळलेलं दिसलं. आकडा पूर्वीपेक्षा वर होता. थोडाच, पण वर.

“काय खाल्लंत मधे?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही हो. श्रावण पाळला.”

शेजारी बसलेल्या बायकोने सगळं सांगितलं, मेथीपासून. डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. दारू नाही हे चांगलंच, म्हणाले, पण यापुढे कॅनच्या दोन्ही बाजू वाचत जा, आणि जे काय असेल ते कमी करा.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. तह माझ्यासमोर झाला होता, अटी मला पाठ होत्या. शनिवार गेला. गच्चीवरची खुर्ची कुणाला तरी देऊन टाकावी, इथपर्यंत माझे विचार पोचले होते.

सासूबाई परत पेठेत जायच्या तयारीत पिशवी भरत होत्या. रिपोर्ट त्यांनी अर्थातच वाचला, खालच्या बारीक ओळींसह. मग लेकीला म्हणाल्या, “बंद करू नकोस. बंद केलं की माणूस मेथीखाली जातो. समोर बसवून दे, लेबल वाचून. आणि अर्धीच.”

गणपती गेले. पहिल्या शनिवारी संध्याकाळी बायकोने मला दुकानात पिटाळलं. बाटली आणली. लेबल खड्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तांदळासकट. एक ग्लास घेऊन गच्चीवर निघालो आणि जिन्याशी थबकून विचारलं, “अर्धी मी घेतो. उरलेल्या अर्धीचं काय करायचं? ओतून देऊ?”

“ओतून कशाला देता?” आतून आवाज आला. “तांदूळ आहे ना त्यात? अन्न टाकू नये. अहो, माझाही एक ग्लास घ्या, मी आलेच.”