साक्षीदाराची जागा

"हे आमचे सरकारचे जावई," साहेब माझ्याकडे हात करून पाहुण्यांना म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची अजून शरम वाटते.

सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली होती, म्हणून सुट्टी. बहरीनला, मनामात साहेबांच्या घरी जेवण. साहेब पुण्याचे, आमच्या कंपनीत चीफ इंजिनिअर. मी नांदेडकडचा, त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन. आम्ही बौद्ध, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आडनावावरून ताडलं होतं. सगळ्यांना स्टीलची ताटं. मला कागदी प्लेट.

"ताटं कमी पडली हो," वहिनी म्हणाल्या.

मागे रॅकमध्ये चार ताटं उभी होती. मी पाहिली आणि जेवलो. चव कसलीच लागली नाही.

साहेबांकडे कॅनडाचा पासपोर्ट होता. तिथे काही वर्षं काढली, नागरिकत्व घेतलं आणि परत आखातात आले. पासपोर्ट बदलला तसा पगारही वाढला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपल्या कायद्याने भारताचं संपतं. साहेबांनी जुना पासपोर्ट परत केलाच नाही. दोन्ही केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये.

कॅनडाचा अर्ज मीही भरत होतो. मुलीसाठी. तिथे आडनावावरून तिला कुणी ताडणार नाही, एवढंच मनात होतं. अर्जाला अनुभवाचं पत्र लागायचं, साहेबांच्या सहीचं. चार महिने ते "इंशाल्ला, उद्या" म्हणत होते.

फेब्रुवारीत त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. माझं पत्र टाईप होऊन टेबलावर. शेजारी दुसरा कागद. त्यांच्या भारतीय पासपोर्टची मुदत संपत आली होती. गावाकडे त्यांना आणखी शेती घ्यायची होती, आणि परदेशी नागरिकाला ती घेता येत नाही. म्हणून पासपोर्ट नवा करायला हे प्रतिज्ञापत्र. त्यात साहेबांच्या नावाने लिहिलेलं, 'मी दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही.' खाली साक्षीदाराची जागा रिकामी. मित्रांनी हात वर केले असणार, तेव्हा माझी आठवण झाली.

"तू यावर सही कर, मी पत्रावर करतो. खलास."

पेन हातात घेतलं. राग वगैरे काही आला नाही, खरं सांगतो. बाप आठवला. गावात पाटील समोरून आला की बाप चप्पल काढून हातात घ्यायचा. फक्त मतदानाच्या दिवशी नाही. त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, पायात चप्पल घालून, रांगेत पाटलाच्या पुढे उभा राहायचा. नागरिक म्हणजे काय, ते मला एवढंच माहीत.

पेन खाली ठेवलं.

"साहेब, हे खोटं आहे. मी सही करणार नाही."

"विचार कर. तुझा व्हिसासुद्धा माझ्याच हातात आहे."

"माहीत आहे."

"तुम्हा लोकांना उपकाराची जाण नसते."

"तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, साहेब?"

त्यांनी माझं पत्र त्याच ड्रॉवरमध्ये टाकलं.

जूनमध्ये व्हिसा संपला. रिन्यू झाला नाही. मुहर्रकच्या विमानतळावर बायको बॅगेवर बसून होती.

"पप्पा, आर वी कमिंग बॅक?" मुलीने विचारलं.

"नाही," म्हणालो.

कॅनडाचा अर्ज मी पुन्हा भरणार आहे, त्या पत्राशिवाय. नागरिकत्व मिळालं, तर भारताचा पासपोर्ट स्वतः वकिलातीच्या खिडकीवर नेऊन देईन आणि पावती घेईन. नाही मिळालं, तर इथेच गावाला, मतदानाला बापाच्या रांगेत उभा राहीन. आणि पुन्हा कुणी सरकारचा जावई म्हणालं, तर मी हसणार नाही.