चुकीचं वाचलेलं पान

सुप्रभाताईंना देव मानणारी माणसं लंडनजवळच्या हॅरोत अजून आहेत. मी त्यांच्यातली नाही. पण ताईंबद्दल कोणी वाकडं बोललं तर मला खपत नाही. त्यांच्या नि माझ्या घरांमधे एक भिंत होती फक्त, त्या काय होत्या ते मी रोज बघितलंय.

साताऱ्याला प्राथमिक शाळेत बारा वर्षं शिकवून त्या नवऱ्यामागून इकडे आल्या. इथे त्यांच्या सर्टिफिकेटांना कोणी विचारलं नाही, म्हणून शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम धरलं. शनिवारी सकाळी दहाला मात्र फ्रंट रूममधला सोफा भिंतीला लागायचा आणि आमच्या लोकांची सहा-सात मुलं सतरंजीवर बसायची. शाळेतून इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घरी यायचं, सोबत एक कार्ड. घरी कोणीतरी मुलाकडून वाचून घ्यायचं आणि कार्डावर सही करायची. आमच्यातले निम्मे आईबाप शिफ्टवर, त्यांना सही करायला वेळ होता, वाचून घ्यायला नव्हता. ते काम ताईंनी अंगावर घेतलं.

त्यांची पद्धत साताऱ्याचीच. आधी त्या पान मोठ्यानं वाचायच्या, मग मुलांनी शब्दाखाली बोट फिरवत तेच म्हणायचं. पाढे तीसपर्यंत, एका दमात. पाठ आलं म्हणजे आलं, असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टर शशिधरांची शिल्पा तेव्हा सात वर्षांची. सत्त्याऐंशी साल. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे आणि बाहेर पोरीचं कौतुक सांगत फिरायचे. कौतुक करण्यासारखीच होती म्हणा. एकदा ऐकलं की पक्कं. वर्गात सगळ्यांच्या पुढची पुस्तकं तिच्याकडे.

तिला खोड एकच. मान तिरकी करून पुस्तकाच्या पलीकडे कुठेतरी बघायची.

"शिल्पा, समोर बघ," ताई म्हणायच्या. दर शनिवारी. मी चहा घेऊन यायचे, मीही म्हणायचे. ती गुणी पोर लगेच समोर बघायची आणि घडाघडा म्हणून दाखवायची. गणित तोंडी बिनचूक, पण फळ्यावरचं वहीत उतरवताना आठाचा तीन व्हायचा. धांदरट आहे, असं आम्ही ठरवून टाकलं. एकदा दुकानात ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि ओळख दाखवली नाही. मला राग आला. बापाचा तोरा उतरलाय पोरीत, असं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

मार्चमध्ये एका शनिवारी शिल्पाकडून दोन पानं एकदम उलटली गेली. चित्रात होडी आणि समुद्र, आणि ही म्हणत होती मागच्या पानावरची बेकरी. बोट शब्दाखालून अगदी नीट फिरत होतं. मुलं गेल्यावर ताईंनी शिल्पाला थांबवून घेतलं, नवीन पुस्तक उघडलं आणि पान मुद्दाम चुकीचं वाचलं. छापलं होतं कुत्रा, वाचलं घोडा. छापली होती तीन अंडी, वाचली नऊ.

शिल्पानं घोडा म्हटलं. नऊ म्हटलं. बोट फिरवत, स्वच्छ आवाजात.

मी कपबश्या गोळा करत होते. त्या तिथेच ठेवून मी जवळ येऊन बसले.

"बाळ, तुला हे दिसतं का गं?" ताईंनी विचारलं.

"समोर बघितला की पान जातो," शिल्पा तिच्या इकडच्या मराठीत म्हणाली. "बाजूला बघितला की थोडा दिसतो. पण तुम्ही रागवता."

"शाळेत नर्सबाईंनी डोळे तपासले ना?"

"माझ्या पुढे सहा मुलं होते लाइनमध्ये. ते म्हणाले ते मी ऐकलं."

ताईंनी त्याच दुपारी डॉक्टरांना सांगितलं. ते लालबुंद झाले. "ताई, डॉक्टर मी आहे," म्हणाले, आणि पोरीला हाताला धरून घेऊन गेले. तीन शनिवार कोणी फिरकलं नाही. चौथ्या शनिवारी एकटेच आले. लंडनच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात दाखवलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चाललाय, चष्म्याचा उपयोग नाही, औषध नाही. आधी कळलं असतं तरी औषध नव्हतंच.

हे शेवटचं ते ताईंसाठी म्हणाले, पण ताईंना ते लागू पडलं नाही. "वर्षभर त्या लेकराला मी दटावत होते," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, दाराशी उभं राहून. धाकटीवर लक्ष ठेवा म्हणालेत. भावंडांत चारातल्या एकाला येतं, आणि शिल्पाच्या वयाच्या आधी तपासून कळेलच असं नाही.

धाकटी मंजिरी तेव्हा तीन वर्षांची होती.

शिल्पा परत यायला लागली. तिला मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळाली, पुढे कॅसेटी. मंजिरी पाच वर्षांची झाली आणि तिच्याही हातात शाळेचं पुस्तक आलं. हॉस्पिटलात वर्षातून एकदा नेत होते, पण त्या एका तारखेवर डॉक्टरांचं समाधान होईना. दर शनिवारी ते स्वतः तिला घेऊन यायचे आणि खुर्चीवर बसून राहायचे. ताई नवं पान उघडायच्या आणि एक शब्द चुकीचा वाचायच्या.

"काकू, चुकला," मंजिरी खिदळायची. "कॅट नाही, काउ आहे."

डॉक्टर श्वास सोडायचे. मग मी चहा आणायचे. अडीच वर्षं असंच चाललं. ताईंची चूक धरायची हा मंजिरीला खेळ वाटायचा, आणि आम्ही तिघं त्या खेळाला टरकून असायचो.

एक्याण्णवच्या नोव्हेंबरात ताईंनी एक पान वाचलं. छापलं होतं जहाज, वाचलं ट्रेन. मंजिरीनं बोट ठेवलं, मान किंचित कलती केली आणि ट्रेन म्हणाली. पुढची ओळ ऐकायला ती थांबून राहिली.

डॉक्टरांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले होते. ताईंनी घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा चुकीचं वाचलं, जरा मोठ्यानं.