आयनं सोडवलेली दाढी

रेवसच्या धक्क्यावर मला सोडायला निम्मी आळी आली होती. जायचं होतं खाडीपलीकडे मुंबईला, फायर ब्रिगेडच्या ट्रेनिंगला, पण थाट असा की जणू पोरगा सातासमुद्रापार निघालाय. लाँच सुटली तेव्हा आय धक्क्यावरून ओरडली, "आग लागली का लोक भायेर पलतान, आन यो आत जानार! कुनावर गेलाय देव जाने." शेजारी उभे असलेले बाबा चटकन दुसरीकडे बघायला लागले. सगळे हसले. मीही हसलो, आणि लाँच वळल्यावर जरा रडलोही.

माझ्यासारखे जे खाडी ओलांडून आले त्यांना ठाऊक आहे, पण मागे राहिलेल्यांना सांगतो, माणूस आधी बोलण्यात बदलतो. गावात पेंढ्याची उडवी पेटली की हंडे, कळश्या, ओली गोणपाटं आणि भरपूर आरडाओरड, एवढीच आमची सामग्री. इथे पाण्याचे लांबलचक होज, हायड्रंट, पंप, शिडीची गाडी. पहिल्या सुट्टीत मी काकांना म्हणालो, "वाडीतला होज रोल करून ठेवा." काका म्हणाले, "आधी तुज्या तोंडातला इंग्रज रोल कर."

माझा जोडीदार कदम, घाटावरचा. धुरात शिरताना आम्ही पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवतो, याला आम्ही सेट म्हणतो. आत जोडीनं जायचं, जोडीनंच बाहेर यायचं. एकाची हवा संपत आली की त्याच्या सेटची शिट्टी वाजते आणि दोघांनाही माघारी फिरावं लागतं. हा नियम कुणी मोडत नाही.

सगळं झकास चाललं होतं. मग माझ्या बायकोला, मनीषाला, दिवस गेले. आमच्याकडे बायको गरोदर असली की नवऱ्यानं दाढी-केस कापायचे नसतात. आयचा फोन आला, "प्वार होईस्तवर दाढीला वस्तारा लावायचा न्हाय. लावलास त माज्याशी गाठ हाय." मी कशाला वाकड्यात शिरतोय? दाढी वाढू दिली.

आमच्या फायर स्टेशनच्या साहेबांनी बघितली आणि कपाळाला हात लावला. दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, फटीतून हवा निसटते. "दाढी ठेव, हरकत नाही," ते म्हणाले, "पण मग पंपावर राहा." झालं! कदम दुसऱ्याच कुणाबरोबर आत जायचा आणि मी गाडीपाशी पंपाचे काटे बघत उभा. दाढी करावी तर आयचा शब्द मोडतो आणि होणाऱ्या बाळाबद्दल मनात पाल चुकचुकते. न करावी तर ज्या कामासाठी गाव सोडलं तेच हातातून जातं. इकडे आड, तिकडे विहीर.

अशात मनीषाला ओटी भरायला गावी न्यायचं म्हणून आय आली. सोबत सोडे, सुकट आणि तांदळाचं पीठ, त्यामुळे सगळ्या क्वार्टर्सना तिच्या आगमनाची बातमी वासानंच कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या आवारात ड्रिल होती. साहेबांनी मुद्दाम मलाही सेट चढवायला लावला. मी आणि कदम जिन्यावरून वरखाली करत होतो, आय आणि मनीषा कडेला उभ्या. थोड्या वेळानं माझी शिट्टी वाजली. कदमची हवा अजून बरीच शिल्लक होती.

"ही शिट्टी कसली?" आयनं विचारलं. मी सांगितलं, दाढीमुळे मास्कच्या फटीतून हवा निसटली, आता संपत आली. तिनं कदमकडे बोट दाखवलं. "आन यो? याची हवा हाय ना?"

"मी फिरलो की त्यालाही फिरावं लागतं, आय. आणि मी आत अडकलो तर मला एकट्याला सोडून तो बाहेर येणार नाही."

ती दोन पावलं पुढे आली. मग कदमला तिनं विचारलं, "बाला, तुजी आय हाय का रं?" तो म्हणाला, आहे, गावी असते. आयनं डोळे मिटून गावदेवीला हात जोडले. "आई, दाढी मीच काढाया लावतंय. दोस लागायचा त मना लागू दे, माज्या सुनंला नको." आणि माझ्याकडे वळून, "जा आता न्हाव्याकडं. त्याच्या आयला मी काय त्वांड दाखवू?"

मी गेलो. खुर्चीत बसल्यावर डोळ्यांतून पाणी आलं, न्हाव्याला वाटलं वस्ताराच लागला.

काही दिवसांतच एका टॉवरमध्ये वायरिंग पेटलं. जिना धुरानं भरलेला, एक हात भिंतीला, दुसरा होजवर, पुढे मी आणि मागे कदम. वरच्या मजल्यावर एक आजी सापडल्या. धुरात खोकत चावी शोधत होत्या. "दार उघडं टाकून कशी येऊ?" कदमनं जादा मास्क त्यांच्या तोंडाला लावला, मी त्यांना खांद्यावर घेतलं. खाली येईपर्यंत आमच्यापैकी कुणाचीच शिट्टी वाजली नाही. आजी सावरल्या आणि दार उघडं राहिलं म्हणून आम्हा दोघांना भरपूर बोलल्या.

मुलगी झाली. गुटगुटीत आहे, रडते तेव्हा सायरन मागे पडतो. बापानं मध्येच दाढी केली म्हणून गावात कुजबूज झालीच. आयनं नात सगळ्यांच्या समोर धरली आणि म्हणाली, "बघा, काय कमी हाय?"

घर म्हणजे खाडीपलीकडचं गावातलं ते एकच, असं मी पुष्कळ दिवस धरून चाललो होतो. आता टीव्हीवर मुंबईतली आग दिसली की आयचा फोन येतो. मी कसा आहे, जेवलो का, हे सगळं नंतर. आधी ती एवढंच विचारते, "दोगंव आलाव ना भायेर?"