बीभत्साच्या बाजूने

कमलअक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, माझ्या कारखान्यात ड्रॉइंग तपासत होते. तिचा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एवढंच म्हणाला, "अक्का गेली. ये." तेव्हापासून भेटेल तो मला सांगतो आहे, की अक्का शांतपणे गेली. नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत मी तिच्याजवळ होते. अक्काला जायचं नव्हतं. अर्धी कादंबरी वाचायची राहिली होती आणि ती त्यावर भयंकर चिडली होती... हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

अक्का मूळची निपाणीची. सगळी नोकरी बंगळुरात, मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवण्यात गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरहून इथे आले, तेव्हा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी ती वाचनवर्ग घ्यायची. वाचायची आजच्या कथा-कादंबऱ्या आणि त्यांच्याकडे बघायची रस-ध्वनीच्या शास्त्रातून. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "अक्का, इतकं जुनं शास्त्र आजच्या कथेला बसणार कसं?"

"स्वल्प वाकवू ग," ती म्हणाली, "शास्त्राला. कथेला हात लावायचा नाही."

एकदा तिने दिवाळी अंकातली एक कथा निवडली. अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या पाठीवरच्या जखमा धुणाऱ्या सुनेची. पू, वास, सुनेच्या मनातला तिटकारा... सगळं उघडं लिहिलेलं. वाचन चालू असतानाच दोघी उठून गेल्या. पुढच्या गुरुवारी मंडळाचे सचिव दारातच उभे. "अक्का, इथे घरंदाज माणसं येतात. असली घाण नको. तुमचं संस्कृत एवढं चांगलं, गीतेचा वर्ग घ्या की."

"घाण शास्त्राला चालते, तुम्हाला चालत नाही?" अक्काचा आवाज चढला. "बीभत्स हा नऊ रसांतलाच एक, आणि जुगुप्सा त्याचा स्थायिभाव. आता सांगा, कथा संपली तेव्हा तुम्हाला किळस कुणाची आली? जखमेची? शेवटी सून जखम धुते आहे आणि बाकीचं घर दार लावून जेवतं आहे. लेखिकेनं त्यांना एका शब्दानं नावं ठेवलेली नाहीत. तरी किळस येते ती त्या जेवणाऱ्यांची. न लिहिलेलं असं ऐकू येतं, तोच ध्वनी. ही कथा मी मागे घेणार नाही."

हॉल गेला. अक्काने लगेच पुढचा वर्ग आपल्या घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत भरवला. निम्मी माणसं आलीच नाहीत. "सरी, ठीकच आहे, जागाही तेवढीच आहे," म्हणाली, आणि तीच कथा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

शेवटच्या वर्षी ती स्वतः अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या. त्या धुताना मी श्वास रोखायचे, ते तिच्या लक्षात यायचं. "तोंड फिरवलंस तरी चालेल," ती म्हणायची, "पण वर्ग दुसऱ्या खोलीत नेलात तर याद राख!" आम्ही नेला नाही. औषधांच्या आणि जखमांच्या वासात गुरुवार होत राहिले. भेटायला आलेल्या एका बाईंनी उशाशी स्तोत्रांचं पुस्तक ठेवलं, तर "मला शांत रसाची घाई नाही" म्हणून तिने ते त्यांच्याच हातात परत दिलं.

त्या खोलीत तिची वेताची खुर्ची आहे. त्यावर फोटो ठेवून हार घालावा, असं अण्णाच्या मनात होतं. मी स्पष्ट नको म्हटलं. गेल्या गुरुवारी विजापूरहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी त्या खुर्चीत सरळ मांडी घालून बसली. कथा वाचून झाल्यावर म्हणाली, "मला यात कुठलाच रस सापडला नाही. लेखकाला तो होऊच द्यायचा नाहीये, असं वाटतं." कुणीतरी चुळबुळलं. चहा घेऊन येणारा अण्णा दारात थबकला.

"कुठल्या ओळीवरून म्हणतेस?" मी विचारलं.

तिने खुर्ची दिव्याकडे ओढली आणि ती पान शोधू लागली.