गिटार उलटी करताना

वाद्यांच्या त्या दुकानात पुढे भिंतीवर गिटारी टांगलेल्या असतात, खाली गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या अॅम्पची रांग असते, आणि सगळ्यात मागे, कोठाराला लागून, एक लांबट खोली आहे. तिथे एक गृहस्थ गेली एकतीस वर्षं लोकांच्या गिटारी लावून देतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. दुकानात सगळे त्यांना अर्धामिली म्हणतात, कारण 'तारा अर्धा मिलिमीटर खाली घेतो, मग बघा' हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा बोलतात. आणि मग माणसाला खरंच बघावं लागतं. काल जिच्यावर बोटं सोलवटत होती ती गिटार आज आपणहून वाजायला बघते.

त्यांची कामाची एक रीत आहे. गिटार आली की ती ते हातात घेतच नाहीत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात, 'वाजवा काहीही, चुकलं तरी चालेल' म्हणतात आणि दहा मिनिटं त्याच्या हातांकडे बघत बसतात. ऐकतात असं वाटतच नाही. कोण तार गरजेपेक्षा जोरात दाबतो, कुणाचं करंगळीशेजारचं बोट आखडलेलं आहे, कोण मनगट कसं वाकवतो, हे सगळं डोक्यात नोंदवून घेतात. एका निवृत्त पोस्टमनला त्यांनी बारीक तारा चढवून दिल्या आणि वरून सांगितलं की गिटारीत काहीच खोट नाही, पण तुमच्या बोटांनी आयुष्यभर गठ्ठे बांधलेत, त्यांना आता थोडी सवलत द्या. म्हातारबुवा डोळे पुसत गेले. गिटार दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. माणसाच्या मापाची करून देणारे थोडे.

मालकाला मात्र हे गृहस्थ कधी कधी डोकेदुखी वाटतात. कपाटाएवढा अॅम्प घ्यायला आलेल्या माणसाला हे मागून येऊन विचारणार, "खोली केवढी आहे तुमची?" एक खोली आणि भिंतीपलीकडे तान्हं मूल असलेलं बिऱ्हाड, असं कळलं की म्हणणार, नाकापेक्षा मोती जड कशाला, हा डब्याएवढा घ्या, याचा आवाज पूर्ण उघडता तरी येईल. मालक कपाळाला हात लावतो. पण तोच माणूस दोन वर्षांनी तार घ्यायला, पट्टा घ्यायला, मित्राला घेऊन परत येतो, म्हणून मालक बोलत नाही.

तर असा हा हात ओळखणारा माणूस, आणि त्याच्या घरात दुसऱ्या कोणाला वाजवता येत नाही. बायकोला आवड नाही, ते असो. मुलगी नवव्या वर्षी शिकायला बसली, दोन वर्षं धडपडली आणि सोडून दिलं. आता ती बत्तीस वर्षांची आहे, दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. हात इतका हलका की पेशंट तिच्याच खिडकीसमोर थांबतात. घरी पाहुणे आले, गिटारीचा विषय निघाला की ती स्वतःच हसून सांगते, "आमच्याकडे दिव्याखाली अंधार. बाबांच्या पोरीला तालाचं वावडं." सगळे हसतात. अर्धामिलीही हसायचे. एकवीस वर्षं हसले.

त्या हसण्याखाली काय होतं ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मुलगी डावखुरी आहे. पहिल्या दिवशी लहान मापाची गिटार तिच्या मांडीवर दिली तेव्हा तिनं ती उलटी धरली, म्हणजे तिच्या दृष्टीनं सुलटी, डावा हात तारांवर आणि उजवा मानेवर. त्यांनी ती फिरवून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तशीच धरली. त्यांनी पुन्हा फिरवली. 'अशी नाही, अशी.' महिनाभर हे चाललं आणि मग पोरगी वळणावर आली. वळणावर आली असं त्यांना वाटलं.

न कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांना कळलं होतं. पण दुकानातल्या माणसाचं शहाणपण आडवं आलं. भिंतीवर साठ गिटारी, त्यांत डाव्या हाताची एकही नाही. मागवली तर सहा महिन्यांनी येणार, तीही एकाच रंगाची. ही पोर उद्या मोठी होईल, मैत्रिणीकडे जाईल, सहलीला जाईल, कुणीतरी गिटार पुढे करेल, आणि हिला म्हणावं लागेल, मला ही वाजवता येत नाही. जगातली प्रत्येक गिटार हिला परकी होईल. त्यापेक्षा आत्ताच सवय लावलेली बरी, डोकं लवचीक आहे तोवर. असे डावखुरे त्यांनी पाहिलेही होते, उजव्या बाजूनं झकास वाजवणारे. काहींना ते जमतं. या पोरीला जमलं नाही. तिचा उजवा हात तालात चालेना, दोन मात्रा चालून अडखळायचा, आणि ती रडकुंडीला यायची. मग एक दिवस तिनं गिटार कपाटावर ठेवली आणि म्हणाली, माझ्यात नाहीच ते. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. हे मूग गिळून बसले. आधी वाटलं, परत बसेल तेव्हा सांगू. मग वाटलं, आता विसरली असेल, कशाला उकरा. प्रेमापोटी केलेली चूक कबूल करणं फार जड जातं, कारण माणसाला सारखं वाटत राहतं की प्रेम होतं ना, मग चूक कशी?

गेल्या हिवाळ्यात खोलीत एक बाई आल्या. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम करणाऱ्या, चाळिशीच्या. तीन वर्षं शिकतेय, म्हणाल्या, पण उजवा हात ऐकत नाही, दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं वाटतं, गिटारीत काही खोट आहे का बघा. बाईंनी पेटी उघडली, गिटार काढली, आणि मांडीवर घेताना क्षणभर ती उलटी गेली. लगेच सावरून त्यांनी फिरवली. अर्धामिलींनी ते पाहिलं. त्यांनी विचारलं, कारखान्यात कात्री कुठल्या हातात धरता? बाई म्हणाल्या, डाव्या, माझी कात्री वेगळीच आहे, दुसऱ्या कुणाला देत नाही.

ती गिटार उलटी करायला त्यांना चार दिवस लागले. वरच्या टोकाची खाचांची पट्टी काढून हाडाची नवी केली, जाड तारेची खाच बारीक तारेच्या जागी. खाली तारा टेकतात त्या घोडीतली तिरकी खाच लाकडानं बुजवली आणि उलट्या तिरक्यानं पुन्हा कोरली. आतल्या आधारपट्ट्या बदलता येत नाहीत, त्यामुळे आवाजात जरा फरक पडेल, हे बाईंना आधीच सांगितलं. बाईंनी ती घेतली, डावा हात तारांवरून फिरवला, आणि तो चालू लागला. चुकत होता, पण थांबत नव्हता. त्या हसत सुटल्या.

"तीन वर्षं मी स्वतःला कोसत होते," त्या म्हणाल्या. "शिकवणाऱ्यांचं सोडा, त्यांना चाळीस जणं असतात. पण एखाद्या घरच्या माणसाला दिसलं असतं आणि त्यानं सांगितलं नसतं, तर मी त्याला माफ केलं नसतं."

बोलून त्या आनंदात निघून गेल्या. त्या दिवशी अर्धामिलींनी दुसरी गिटार हातात घेतली नाही.

त्यांची स्वतःची एक गिटार होती. लग्नाआधी घेतलेली, साधी, दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची, आणि पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताला इतकी बसलेली की अंधारातही बोटं जागेवर पडायची. एका शनिवारी त्यांनी ती टेबलावर आडवी घातली आणि तारा सोडवल्या. बायकोनं विचारलं, अहो, हिला काय झालं? ते म्हणाले, हिला काही झालं नाही. घोडीतली खाच बुजवून झाली, पण कोरायला घेण्याआधी ते बराच वेळ नुसते बसून राहिले. एकदा कोरली की ती त्यांची राहणार नव्हती. मग त्यांनी कोरली.

रविवारी दुपारी मुलगी जेवायला आली. जेवण झाल्यावर त्यांनी गिटार तिच्यापुढे धरली. तिनं सवयीनं हात जोडले, म्हणाली, बाबा, माझ्याकडून अपेक्षा नका करू. पण बापाचा चेहरा बघून तिनं घेतली, मांडीवर ठेवली, आणि ती जशी बसली तशीच राहिली. फिरवावी लागली नाही. मुलगी तारांकडे बघत राहिली.

"ही उलटी आहे," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी केली. तेव्हाच करायला हवी होती."

"असू दे हो. तेव्हा तुम्हाला कुठे माहीत होतं."

इथे गप्प राहिले असते तर भागलं असतं. मुलीनं स्वतःच दार उघडून दिलं होतं, आणि एकवीस वर्षं ते अशाच दारातून बाहेर पडत आले होते.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीवरच्या साठ गिटारी, सहल, मैत्रीण, परक्या गिटारी. सांगताना त्यांनाच ते कारण थिटं वाटू लागलं, तरी शेवटपर्यंत सांगितलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको दारात येऊन उभी होती.

"आणि सगळे हसायचे तेव्हा?" मुलीनं विचारलं.

"तेव्हाही माहीत होतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"शाळेत गाण्याच्या तासाला मी नुसते ओठ हलवायचे, बाबा," ती म्हणाली. "आपल्यात नाहीच म्हटल्यावर दुसऱ्यांचं कशाला बिघडवा, म्हणून. मोठी झाल्यावरही तसंच. वाढदिवसालासुद्धा."

हे त्यांना माहीत नव्हतं. गिटार सुटली एवढंच ते आजवर धरून चालले होते. ते खुर्चीत बसले आणि रडले. मुलीनं त्यांना उगी उगी केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. बायकोनंही केलं नाही. ती आत गेली आणि पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला, कुणासाठी ते न सांगता.

जरा वेळानं मुलगी म्हणाली, "दाखवा आता, काय दाखवायचं होतं ते."

दाखवायला त्यांच्याकडे गिटारच उरली नव्हती. तिची लहानपणची कपाटावरून काढली, धूळ पुसली, आणि भलामोठा माणूस ते खेळणं पोटाशी धरून तिच्या शेजारी बसला. शेजारून काहीच जुळेना. हाताचा गोंधळ बघून तिनं त्यांना उठवलं आणि समोर बसायला लावलं. समोर बसल्यावर जमलं. त्यांच्या गिटारीची मान जिकडे, तिकडेच तिच्याही गिटारीची मान. आरशात बघावं तसं ती बघत गेली आणि बोटं ठेवत गेली. दोन कॉर्ड, एकातून दुसऱ्यात जायचं, पुन्हा परत यायचं. तारा खडखडत होत्या. डावा हात मात्र वरखाली होत राहिला, एकदाही न अडता.

मग तिच्या घशातून काहीतरी आलं, आधी इतकं बारीक की ती गातेय हे त्यांना कळलंच नाही. शब्द नव्हते. सूर जरासा उतरलेला होता. बाप आपला आवाज तिच्यापेक्षा खाली ठेवून हलकेच साथ करत होता आणि तो उतरलेला सूर कान देऊन ऐकत होता.