डिकीतला कुत्रा

सौदीतल्या दम्मामच्या जुन्या बाजारात तो आम्हा नवराबायकोला दर शुक्रवारी भेटायचा. मूळचा दापोलीकडचा. मायदेशी परतणारे इंग्रज विकून टाकतात ते जुने कप आणि किटल्या तो जमवतो. कप उचलला की नखाने टिचकी मारतो, कानाशी धरतो आणि कपालाच विचारतो, "बोल बाबा, तडा कुठंय?"

माणसाजनावरांच्या बाहुल्या मात्र घेत नाही. "घरात नमाज पढतो आम्ही. पुतळे नकोत."

माझ्या बायकोकडे चिनी मातीचा एक विलायती कुत्रा होता. असे कुत्रे जोडीने बनत, एक डावीकडे पाहणारा, एक उजवीकडे. हिचा डावीकडचा. "वहिनी, तुमचा अजून एकटाच?" तो चिडवायचा. दुसरा तिला शेवटपर्यंत मिळाला नाही.

ती गेल्यावर तिचा सगळा संग्रह मी त्याला देऊ केला. त्याने एकाही कपाला हात लावला नाही. "इतक्यात नको, भाऊ," म्हणाला आणि गेला. मी तिला घेऊन नाशिकला गेलो आणि अस्थी गोदावरीत सोडून परत आलो.

आज सकाळी तो दारात उभा होता. हातातल्या टॉवेलात उजवीकडे पाहणारा कुत्रा.

"ताइफला मिळाला. तुम्ही येईपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवला. घरात नेला असता तर बायकोने मलाच डिकीत झोपवलं असतं."

मी दोन्ही कुत्रे समोरासमोर ठेवले.

"चला, शुक्रवार आहे," तो म्हणाला.

"आता कशाला? जोडी झाली की."

"तुमची झाली. माझ्या किटलीला अजून झाकण नाही."

मी चपला पायात सरकवल्या.