मागच्या अंगणातलं गवत

धुळ्याच्या आमच्या घरामागे सिमेंटचं अंगण आहे आणि त्याच्याखाली पाण्याची टाकी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घर बांधतानाच टाकी मोठी करून घेतली होती. वरच्या सिमेंटला मात्र उतार नीट दिलेला नव्हता. धुण्याचं पाणी मोरीकडे जाण्याऐवजी भिंतीच्या कडेला साचायचं आणि तिथे शेवाळ धरायचं. त्याच शेवाळावर माझ्या सासूबाई घसरल्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो.

खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर गेला, काठी आली. पण अक्का मागच्या दाराबाहेर पाऊल टाकेनात. सोनगीरजवळच्या गावात त्यांचं उभं आयुष्य शेतात गेलेलं. शहरात मोकळी जागा म्हणून त्यांच्या वाट्याला तेवढं अंगणच आलं होतं. आता त्या पलंगावर बसून खिडकीतून त्याच्याकडे बघत. चला म्हटलं की उद्या म्हणत. मी शाळेत शिकवून परत यायचे, तेव्हा सकाळी होत्या तिथेच बसलेल्या असायच्या.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या गच्चीवर मी कृत्रिम गवत पाहिलं. त्यावर पाय घसरत नव्हता. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, शेतकऱ्याच्या घरात प्लॅस्टिकचं गवत टाकलं तर गावाकडचे हसतील. सिमेंट फोडून खरी माती टाकावी, तर खाली टाकी. शेवटी तो तयार झाला. एका रविवारी गवताची गुंडाळी आणून आम्ही दोघांनी ती सरळ सिमेंटवर अंथरली.

अक्का आपणहून दारापर्यंत आल्या. उंबऱ्याच्या आतूनच काठीनं गवत दाबून पाहिलं. टोकाशी पाणी वर आलं.

"खाले पानी शे," एवढंच त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढे आठवडाभरात कुबट वास सुटला. गवत उचललं, तर खाली सगळं चिकट झालेलं. नवऱ्याला वाटत होतं, आता हा नाद सोडावा. पण मला अक्कांचं दारापर्यंत येणं विसरता येईना. मी ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, आधी पाणी कुठे कुठे थांबतं ते खुणा करून ठेवा, मग बघू.

मी बादल्या ओतल्या आणि पाणी ओसरायची वाट पाहिली. जिथे डबकं राहिलं त्याच्याभोवती शाळेतल्या खडूनं रेघ ओढू लागले. अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांची काठी हलू लागली.

"तठे बी शे. भिंतना जोडे दख."

मी भिंतीजवळ शोधत होते, पण त्या दाखवत होत्या ती जागा मला सापडेना. मग त्या उठल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला, मग दुसरा, आणि माझा खांदा धरून वाकल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर आपण बाहेर आलोय हे त्यांच्या लक्षात आलं असतं, असं मला वाटलं. खांद्यावर त्यांच्या बोटांचा दाब तेवढा जाणवत राहिला.

गवंड्यानं खळगे भरले, मोरीकडे उतार काढला आणि भिंतीलगत उथळ चर पाडला. टाकीच्या स्लॅबला धक्का लागू दिला नाही. तो भाग चांगला वाळल्यावर, पाणी गवताखालून वाहून जावं म्हणून त्यावर जाळीदार प्लॅस्टिकचे तुकडे जोडले आणि वर धुऊन वाळवलेलं गवत पसरलं. टाकीच्या झाकणावरचा गवताचा चौकोन उचलता येईल असा सुटा ठेवला. नवऱ्यानं बादलीभर पाणी ओतलं. आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. चरातून पाणी खळखळत मोरीत उतरलं.

अक्कांनी चपला काढल्या. आधी अंगठा टेकवला, मग सगळं पाऊल.

"खोटं शे," त्या म्हणाल्या, "पन पायले बरं लागस."

नवऱ्यानं त्यांची खुर्ची उचलून गवतावर आणून ठेवली.

गावाकडचे हसले, ते खरंच. अक्कांच्या धाकट्या बहिणीनं तर विचारलं की आता याच्यासाठी बकरी घेणार का. आणि मग संध्याकाळ होईपर्यंत त्या दोघी बहिणी तिथेच पाय पसरून गप्पा मारत बसल्या. उन्हाळ्यात दुपारी हे गवत इतकं तापतं की पाय ठेववत नाही, म्हणून अक्का सकाळी आणि उन्हं उतरल्यावर तिथे फिरतात. काठी असते, पण बऱ्याचदा नुसतीच हातात.

परवा पालकांची सभा लांबली आणि मी वैतागून घरी आले. अक्का गवतावर बसून डाळ निवडत होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"चपला काढ, आठे बस. थकी गयी व्हशी."

पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी त्यांच्याशेजारी बसले.